१३० मिमी दुर्बीण: काळी सावली मधोमध येत नाही, आरसे हलवून बसले आहे, मदत हवी

रोहिणी_करवीर
शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, उशिराने तिळगूळ घ्या आणि गोड बोलून मला यातून बाहेर काढा.

दिवाळीत टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन घेतली. आरसा १३० मिमी, फोकल लेंग्थ ६५०, म्हणजे एफ/५ (६५० भागिले १३०). दोन महिने झकास चालली. चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी, सगळं आमच्या गच्चीवरून पाहिलं. मग कुठंतरी वाचलं की न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीचं कोलिमेशन, म्हणजे आरसे एकमेकांशी नीट जुळलेत का ते, अधूनमधून तपासावं लागतं. आयपीस काढून फोकसरमधून (आयपीस बसतो त्या नळीतून) आत डोकावले, तर दुय्यम आरशाची (प्रकाश फोकसरकडे वळवणाऱ्या छोट्या आरशाची) काळी सावली मुख्य आरशाच्या मधोमध नव्हती! चांगली एका बाजूला सरकलेली. म्हटलं, हे वाकडं आहे. अ‍ॅलन की घेऊन दुय्यम आरशाचे तीन स्क्रू ढिले केले आणि सावली मधोमध आणायला बघितलं. जमेना, म्हणून त्याचा मधला मोठा स्क्रूही फिरवला. मग नळीच्या मागचे, मुख्य आरशाचे तीन.

आता आत बघितलं की आरशात निम्मी नळीची भिंतच दिसते. काल रोहिणी नक्षत्रावर लावली, तर तारा ताऱ्यासारखा नाही, झाडूसारखा. दुर्बीण बिघडवली का मी? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिरपा_डोळा
शुक्रवार, रात्री १०:५८

घरी सांगू नका. धूमकेतू सापडला म्हणा.

सह्यकडा
शुक्रवार, रात्री ११:२५

ताई, काहीही बिघडलेलं नाही. आरसा फुटत नाही तोवर न्यूटोनियन बिघडत नाही, फक्त सुटते. पण ती अ‍ॅलन की आधी ड्रॉवरमध्ये ठेवा.

आता गंमत ऐका. ती सावली एका बाजूला होती, तेच बरोबर होतं. तुम्ही दुरुस्त केलंत ते मुळात मोडलेलंच नव्हतं.

मुख्य आरशाकडून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो. दुय्यम आरसा या शंकूला ४५ अंशांत आडवा येतो. त्याची खालची, म्हणजे मुख्य आरशाकडची, कड शंकूला जिथं छेदते तिथं शंकू रुंद असतो. वरच्या कडेपाशी तो अरुंद झालेला असतो. सगळ्या बाजूंनी सारखा प्रकाश गोळा करायचा तर दुय्यम आरसा मुख्य आरशाकडे थोडा खाली आणि फोकसरपासून थोडा पलीकडे सरकलेला असावा लागतो. किती? त्याच्या आखूड अक्षाला (लंबगोल आरशाच्या कमी रुंदीला) एफ आकड्याच्या चौपटीनं भागा. ४० मिमीचा आरसा धरला आणि एफ/५, तर ४० भागिले २०, म्हणजे २ मिमी. एफ/८ च्या लांब नळीत हे सरकणं इतकं कमी की लक्षातही येत नाही. म्हणून जुन्या लांब दुर्बिणींची चित्रं बघून शिकलेली माणसं एफ/५ मध्ये डोकावली की दचकतात. सावली मुख्य आरशाच्या दिशेला झुकलेली दिसणार. दिसू द्या.

एक सांगा: मुख्य आरशाच्या मधोमध छोटी गोल रिंग चिकटवलेली आहे का?

रोहिणी_करवीर
शनिवार, सकाळी ७:१५

आहे. कागदाची वाटते, मध्ये भोक असलेली. मला वाटलं कारखान्यातून कचरा राहिला, नखानं काढणार होते!!

सह्यकडा
शनिवार, सकाळी ७:३०

देवा. काढू नका! तोच आपला ध्रुव. आरशाचा तेवढा भाग तसाही दुय्यम आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे त्या रिंगेनं प्रकाश अजिबात कमी होत नाही. पुढचं सगळं काम त्या रिंगेवर चालतं, सावलीवर नाही.

अमावास्या_प्रेमी
शनिवार, सकाळी ९:०५

एवढं रामायण कशाला? लेझर कोलिमेटर मागवा. फोकसरमध्ये घालायचा, लाल ठिपका रिंगेत आणायचा, परत आलेला ठिपका लेझरच्या तोंडावरच्या भोकात आणायचा. दहा मिनिटांत काम. वांगणीला आकाशदर्शनाला जातो तेव्हा रात्री अंधारात आम्ही सगळे हेच करतो.

सह्यकडा
शनिवार, सकाळी १०:१०

लेझर वाईट नाही, पण आधी तो लेझर सरळ आहे का हे कोण सांगणार? स्वस्तातल्या लेझरची किरणरेषा त्याच्या स्वतःच्याच नळीत तिरकी असते. लाकडाच्या फळीवर दोन ठिकाणी खिळ्यांच्या जोड्या ठोका, लेझर त्यांवर आडवा ठेवून हळूहळू गोल फिरवा आणि पाच मीटरवरच्या भिंतीकडे बघा. ठिपका जागच्या जागी राहिला तर उत्तम. भिंतीवर वर्तुळ काढायला लागला, तर त्या लेझरनं तुम्ही दुर्बीण मोठ्या आत्मविश्वासानं चुकीची लावणार.

दुसरं, फोकसरमध्ये लेझर सैल बसतो. स्क्रू आवळला की एका बाजूला कलतो. हा घोळ टाळायला बार्लो लेन्समध्ये (आयपीसची पट वाढवणाऱ्या भिंगात) लेझर घालायची युक्ती आहे. किरण पसरतो आणि मुख्य आरशावरच्या रिंगेची सावली लेझरच्या तोंडावर पडते. ती सावली भोकाभोवती मधोमध आणायची. लेझर थोडा तिरका असला तरी या रीतीत फारसं बिघडत नाही.

तिसरं म्हणजे दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर खाली आहे का, हे लेझर सांगतच नाही. आणि ताईंनी हलवलाय तो नेमका तोच.

आटेवाला
शनिवार, सकाळी ११:४०

मी खगोलवाला नाही, चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली. पण हा स्क्रूंचा हिशेब माझ्या आवडीचा निघाला म्हणून लिहितो.

ताई, मागचे स्क्रू किती फिरवलेत? समजा आटे ०.८ मिमी पिचचे आहेत (एका फेऱ्यात स्क्रू तेवढा सरकतो) आणि एका स्क्रूपासून उरलेल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत ७५ मिमी अंतर आहे. एक पूर्ण फेरा दिलात की आरसा ०.८/७५ इतका कलला. ६५० मिमी दूर हा कल सुमारे ७ मिमीचा होतो. म्हणजे पाव फेऱ्याला पावणेदोन मिमी. आता सह्यकडांनी सांगावं, चालतं किती?

सह्यकडा
शनिवार, दुपारी १२:२०

काका, नेमकं बोट ठेवलंत. गोलाकार आरशाला स्वतःचा असा एक अक्ष नसतो, परवलयाकार आरशाला असतो. ताईंच्या आरशात गोल आणि परवलय यांच्यातला फरक कडेला जेमतेम एक मायक्रॉन आहे, आणि एवढ्याशा फरकानंच तो आरसा एका दिशेचा भक्त होतो. अक्षाच्या जवळ प्रतिमा टिंबासारखी. अक्षापासून दूर गेलं की ताऱ्याला शेपूट फुटतं. त्यालाच कोमा म्हणतात, आणि ताईंचा झाडू तो हाच.

शेपूट जाणवणार नाही असं फोकसजवळचं वर्तुळ एफ आकड्याच्या घनावर अवलंबून असतं: ०.०२२ मिमी गुणिले एफ, तीन वेळा. एफ/८ ला वर्तुळाचा व्यास ११ मिमी. एफ/५ ला २.८. म्हणजे मध्यापासून चहूबाजूंना १.४ मिमी, बस्स. काकांच्या हिशेबानं पाव फेरा म्हणजे पावणेदोन. एका पाव फेऱ्यात ताई वर्तुळाच्या बाहेर.

(मी आयुकाच्या कार्यशाळेत सहा इंची आरसा घासला तेव्हा कळलं, एका मायक्रॉनसाठी किती रविवार जातात. असो.)

रोहिणी_करवीर
शनिवार, दुपारी १:०२

पाव नाही हो, मी दोन-अडीच फेरे दिलेत. कुठल्या स्क्रूला किती ते आठवत नाही.

तिरपा_डोळा
शनिवार, दुपारी १:०४

🙏

सह्यकडा
शनिवार, दुपारी ३:३०

हरकत नाही. शून्यापासून लावू. दिवसाउजेडी करा, नळी आडवी ठेवून. उभ्या नळीत अ‍ॅलन की हातातून सुटली तर सरळ मुख्य आरशावर. आणि दुय्यम आरशाचा मधला स्क्रू कधीही पूर्ण काढू नका, आरसा त्याच्यावरच लटकलेला असतो.

फोकसरमध्ये बसेल असं एक झाकण लागेल, बरोबर मध्यभागी २ मिमीचं भोक असलेलं. त्यातून बघताना डोळा आपोआप मधोमध राहतो. पूर्वी कॅमेऱ्याच्या रिळाची डबी अगदी फिट बसायची. तळाला भोक पाडलं की झालं.

आधी फक्त दुय्यम आरसा. नळीत, फोकसरच्या समोरच्या भिंतीवर, पांढरा कागद लावा. दुसरा कागद दुय्यम आणि मुख्य आरशाच्या मध्ये आडवा घाला, म्हणजे मुख्य आरशाची प्रतिबिंबं दिसणार नाहीत आणि गोंधळ होणार नाही. आता भोकातून दुय्यम आरशाची नुसती कड दिसेल. ती गोल दिसली पाहिजे आणि फोकसरच्या वर्तुळात मधोमध. अंड्यासारखी दिसली तर आरसा स्वतःभोवती फिरलाय, हातानं धरून हलकेच वळवा. नळीच्या लांबीत पुढे-मागे वाटला तर मधला स्क्रू.

मग मधला कागद काढा. दुय्यमच्या तीन छोट्या स्क्रूंनी मुख्य आरशाची रिंग तुमच्या नजरेच्या मधोमध आणा. मुख्य आरशाला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या असतात, त्या तिन्ही सारख्या दिसायला हव्यात. एक स्क्रू सोडला की बाकीचे दोन घट्ट करायचे. तिन्ही ढिले ठेवून लावू गेलात तर आरसा लोलकासारखा हलतो.

शेवटी मागचे स्क्रू. झाकणाचं भोक आरशात परत प्रतिबिंबित होऊन काळा ठिपका दिसतो. तो रिंगेच्या आत. ठिपका रिंगेत आला की थांबा. सावली कुठंही असो.

मिनेसोटाकर
शनिवार, संध्या. ७:५०

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. फक्त एक भर: शेवटी ताऱ्यावर तपासा, आणि त्यासाठी ध्रुवतारा सर्वात सोयीचा. तो हलत नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या डॉबलाही चालतो. मी गेली दहा वर्षं ध्रुवावरच करतो. तो तेजस्वीही आहे आणि अगदी डोळ्यांत खुपेल इतकाही नाही.

सह्यकडा
शनिवार, रात्री ८:३०

साहेब, तुमच्याकडे ध्रुव ४५ अंशांवर, मजा आहे. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. म्हणजे तिथं ध्रुव क्षितिजाच्या फक्त १६.७ अंश वर. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जवळपास साडेतीन पट हवा कापून येतो. वर गावाचा धूर. तारा नुसता उकळत असतो, त्यात फोकस ढळवल्यावर ताऱ्याभोवती दिसणारी कडी मोजायची कशी? नागपुरातसुद्धा ध्रुव २१ अंशांवरच. परदेशातला हा सल्ला आपल्याकडचे लोक आंधळेपणानं पाळतात आणि मग आरशाला नावं ठेवतात.

ताई, तुमच्या आयडीतच उत्तर आहे. रोहिणी ताऱ्याची क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) साडेसोळा अंश उत्तर. तो कोल्हापुराच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो! सध्या सव्वानऊच्या सुमारास खस्वस्तिकावर असेल. पण तेव्हा डॉब वळवणं अवघड, अगदी माथ्यावर ती अडते. साडेसातला पूर्वेकडे पासष्ट अंशांवर असताना पकडा. उन्हाळ्यात हेच काम स्वाती करेल, ती पुण्या-मुंबईच्या माथ्यावरून जाते.

मिनेसोटाकर
शनिवार, रात्री ८:५५

मान्य. पुणं सोडून इतकी वर्षं झाली की आकाश कललंय हे विसरलोच. इथं आत्ता उणे १८ आहे, कोलिमेशन राहू दे, स्क्रूला हात लावला तर बोटंच चिकटायची.

निळू_१०००
रविवार, सकाळी १०:००

धाग्याला फाटा फोडतो, माफ करा. माझी ११४ मिमी, १००० मिमी फोकल लेंग्थ. लेझर लावला तर आरशावर ठिपका पडतच नाही, बशीएवढा लाल डाग पडतो. रिंगही नाही. काय करू?

सह्यकडा
रविवार, सकाळी १०:४०

नळीची लांबी मोजा.

निळू_१०००
रविवार, सकाळी १०:५२

४७ सेमी. अरेच्चा!

सह्यकडा
रविवार, सकाळी ११:१०

१००० मिमीची न्यूटोनियन ४७ सेंटीमीटरच्या नळीत मावत नाही. तुमच्या फोकसरच्या बुडाशी एक भिंग बसवलेलं असणार. गोलाकार आरसा, आणि त्याची चूक सावरायला व फोकल लेंग्थ वाढवायला ते भिंग. बर्ड-जोन्स म्हणतात या रचनेला. लेझर त्या भिंगातून जाताना पसरतो. भिंग काढल्याशिवाय लेझरनं तुमची दुर्बीण लागणार नाही, आणि काढलंत तर कुठली बाजू वर होती ते पेन्सिलनं लिहून ठेवा. रिंगही आरसा बाहेर काढून चिकटवावी लागेल, ती घाई नको. तुमच्यासाठी ताऱ्यावरची रीत बरी. स्पष्टच सांगतो: ही रचना नवशिक्याला विकायला नको होती. पण आहे ती वापरा, चंद्र छान दिसेल.

आटेवाला
रविवार, दुपारी १२:१५

@रोहिणी_करवीर, रिळाची डबी आता जुन्या फोटो स्टुडिओतसुद्धा मिळणार नाही. तुम्ही कोल्हापूरच्या ना? उद्यमनगर कशासाठी आहे? नायलॉनचा गोल बार घ्यायचा आणि लेथवर सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिमी, टर्न करायचा. एकाच पकडीत बाहेरून टर्निंग आणि मधून ड्रिल, बार चकमधून काढायचा नाही. म्हणजे भोक मध्यावरच येणार. फोकसरकडचं तोंड पांढरं ठेवा, आत ठिपका उठून दिसेल.

रोहिणी_करवीर
सोमवार, रात्री ९:३०

काका, नाद खुळा! दिरांचं वर्कशॉप उद्यमनगरातच आहे. म्हणजे त्यांना सांगावंच लागलं. आधी पोटभर हसले, मग वीस मिनिटांत झाकण करून दिलं. बाहेरून ३१.७०, भोक २.०.

दुपारी बसले. कागद लावल्यावर पहिल्यांदा कळलं की माझा दुय्यम आरसा चक्क मान वळवून बसला होता, अंड्यासारखा दिसत होता. तो वळवायलाच पाऊण तास गेला. गोल दिसला तेव्हा विश्वास बसेना. मग रिंग मधोमध आणली, तिन्ही पट्ट्या दिसल्या.

मागच्या स्क्रूंसाठी दोन माणसं लागतात. मी पुढे बघायला, सासूबाई मागे पिळायला. "उजवा थोडा, आई", "कुणाचा उजवा?" असं अर्धा तास चाललं. शेवटी स्क्रूंवर टिकली, हळद आणि पेन अशा तीन खुणा केल्या, मग "हळद थोडी" म्हटलं की काम होऊ लागलं. ठिपका रिंगेत!!! आणि मग मी लॉकिंगचे स्क्रू आवळले आणि ठिपका रिंगेच्या बाहेर पळाला.

आटेवाला
सोमवार, रात्री ९:४५

पळणारच. लॉकिंग स्क्रू आवळला की तोही आरशाचं बूड ढकलतो. टायरचे नट कसे आवळतो? एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जात नाही. तिन्हींना थोडं थोडं, आळीपाळीनं, आणि प्रत्येक वेळी आत बघत. बोटांनी आवळा, पान्यानं नको. हळदीची आयडिया मात्र चोरणार आहे.

सह्यकडा
सोमवार, रात्री १०:१५

वा! आता ताऱ्याची पायरी. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर ठेवा, आरसा हवेइतका गार होऊ दे. दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतो, म्हणून खाली सतरंजी नाही तर पाट टाका.

१० मिमी आयपीस आणि बार्लो, म्हणजे १३० पट. तारा दृश्याच्या बरोबर मध्ये. फोकस किंचित, अगदी किंचित, ढळवा. एकात एक कडी दिसतील. ती एका बाजूला दाटलेली दिसली, तर तारा दृश्यातच इकडं तिकडं सरकवून बघा, कुठंतरी कडी एककेंद्री दिसतील. मग मागच्या स्क्रूनं तारा तिथून परत मध्यावर आणा. एका फेरीत निम्मीच चूक सुटते, कारण आरसा कलला की ताऱ्याची प्रतिमा अक्षाच्या दुप्पट सरकते. दोन-तीन फेऱ्या लागतील. स्क्रू आता आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही.

अमावास्या_प्रेमी
मंगळवार, सकाळी ८:२०

मी काल माझा लेझर खिळ्यांवर फिरवून बघितला. भिंतीवर बांगडीएवढं वर्तुळ. तीन वर्षं मी याच लेझरनं ग्रुपमधल्या सगळ्यांच्या दुर्बिणी लावून देतोय. ग्रुपवर काय सांगू आता?

तिरपा_डोळा
मंगळवार, सकाळी ८:२३

धूमकेतू सापडला म्हणा.

रोहिणी_करवीर
बुधवार, रात्री ११:३५

झालं. साडेसातला रोहिणी पकडली. पहिल्यांदा कडी डावीकडे दाटलेली. दुसऱ्या फेरीत बरी, चौथ्या फेरीत अगदी चकलीसारखी गोल. थंडीत सासूबाई शाल पांघरून हळद-टिकली फिरवत होत्या, आता त्यांनाच या विषयातलं जास्त कळतं.

मग साडेदहाला पुनर्वसूतला कॅस्टर. तो जोडतारा आहे हे माहीत होतं, पण दिवाळीपासून मला तो कधीच फुटला नव्हता, मी आपलं माझ्या चष्म्याला दोष देत होते. आज १३० पटीला दोन तारे, मध्ये काळी फट, स्वच्छ. म्हणजे कारखान्यातून आली तेव्हाही पूर्ण लागलेली नव्हती तर.

आत डोकावून पाहिलं, सावली अजून एका बाजूलाच आहे.

सह्यकडा
बुधवार, रात्री ११:५०

कॅस्टरच्या दोघांत ५ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास अंतर आहे. तुमच्या आरशाची मर्यादा पाऊण-एक विकला, म्हणजे अजून खूप पुढं जाता येईल. आता पुढच्या वेळी नुसता ठिपका रिंगेत आहे का बघायचं, दोन मिनिटांचं काम. दुय्यम आरशाला हात लावायचा नाही. आणि मे संपायच्या आत झाकणं लावून, आत सिलिका जेलची पुडी टाकून नळी बंद करा. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरली तर तो वेगळा धागा काढावा लागेल.

निळू_१०००
गुरुवार, सकाळी ९:१०

ताई, दीर आणखी एक झाकण करून देतील का? कुरिअरचा खर्च माझा.

तिरपा_डोळा
गुरुवार, सकाळी ९:१४

आणि धाग्याचं शीर्षक बदला आता. "सावली मधोमध येत नाही" वाचून अजून चार जण अ‍ॅलन की घेऊन बसतील.

रोहिणी_करवीर
गुरुवार, सकाळी ९:४०

@निळू, पाच झालीत तयार, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. @तिरपा_डोळा, गेले होते बदलायला, संपादनाची मुदत संपली आहे.